एक बारका रोग

माय फोनवर होती. रविवारचं काय करायलास, असं तिनं विचारलं. मी सवयीनं बोलून गेलो, "रोग बनवायलोय."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "कसला रोग? दवाखान्यात गेलतास का?"

इंग्रजीतला 'रोग' म्हणजे लबाड, भुरटा, चोरपावलांनी चालणारा माणूस. मराठीत तो होतो आजार. हा घोटाळा मायला समजावून सांगताना मला घाम फुटला. एक खेळ आहे, त्यात प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, माझं पात्र चोर आहे. यावर ती म्हणाली, "इंजिनिअर करून चोर झालास का?" आणि मागून अण्णांचा खोकल्यासारखा हसण्याचा आवाज आला.

अण्णा जन्मभर चौकीदार होते. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. 'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिली असेल तर ती पोरं तळघरात बसून जे खेळतात ते हेच. 'बाल्डर्स गेट ३' खेळला असाल तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बाकीच्यांसाठी : चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम, गोष्ट सांगतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं 'मी हे करतो' म्हणतात. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमच्याकडे डीएम आहे टीममधली टेस्टर. लोकांच्या कामातल्या चुका काढण्याचे पैसे घेते, त्यामुळे या कामाला एकदम फिट. दर दुसऱ्या शनिवारी बाणेरला तिच्या फ्लॅटवर आम्ही जमतो.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी भराभर पात्रं निवडली. फ्रंटएंडवाला झाला ड्रॅगनबॉर्न फायटर, साडेसहा फुटी, तोंडातून आग. एक जण एल्फ जादूगार. एक ड्वार्फ क्लेरिक, म्हणजे देवाचं नाव घेऊन जखमा बऱ्या करणारा. माझ्याकडे आल्यावर मी म्हणालो, हाफलिंग रोग. फ्रंटएंडवाला हसला. "अरे, खेळात तरी उंच हो की."

माझी उंची पाच फूट दीड इंच आहे. येलदरीत मला सगळे बारक्या म्हणायचे, अजून म्हणतात. कॉलेजला नांदेडला गेलो तेव्हा वाटलं होतं नाव मागे राहील. राहिलं नाही, फक्त तिथल्या पोरांनी ते इंग्रजीत केलं.

आता पात्र बनवण्याविषयी. हा भाग मला मनापासून आवडतो, कारण तो थेट माझ्या धंद्याशी जुळतो : मर्यादित रिसोर्सेस आणि ट्रेड-ऑफ. आम्ही २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळतो. तुम्हाला सहा आकडे मिळतात : १५, १४, १३, १२, १०, ८. ते सहा गुणांमध्ये वाटायचे : ताकद, चपळाई, दम, बुद्धी, समज आणि छाप. पंधरा चपळाईला, यात वादच नाही. लाइटफूट हाफलिंगला चपळाईत दोन आणि छापेत एक वाढीव मिळतो, म्हणजे चपळाई सतरा. दमाला चौदा, कारण पहिल्या लेव्हलला रोगचा जीव असतो आठ अधिक दमाचा बोनस, माझे झाले दहा. दहा म्हणजे किती? कोणी दोनदा नीट मारलं की संपलं. ताकदीला आठ. आठ आकडा लिहिताना मला शाळेतली कबड्डी आठवली आणि मी जरा जोरातच पेन टेकवलं.

मग कौशल्यं. रोगला दोन गोष्टींत 'एक्स्पर्टीज' घेता येते, म्हणजे प्रावीण्याचा बोनस दुप्पट. मी लपणं आणि कुलपं उघडण्याची हत्यारं घेतली. लपण्याचा हिशोब : चपळाईचे तीन, प्रावीण्याचे दोन, त्याचे दुप्पट चार, एकूण अधिक सात. नियमांच्या पुस्तकात 'गार्ड' नावाचा साधा पहारेकरी असतो, त्याची आपोआप लक्ष जाण्याची पातळी बारा. म्हणजे मला फाशावर पाच किंवा जास्त पडलं की मी त्याच्या नाकासमोरून जाऊ शकतो. पकडला जायची शक्यता वीस टक्के. पण हाफलिंग नशीबवान असतो, एक पडला तर फासा परत टाकायला मिळतो. तेवढ्यानं वीसाचे सोळा टक्के होतात. हे मी एक्सेलमध्ये करून पाहिलं, हो, ऑफिसच्या वेळेत.

पण हाफलिंग घ्यायचं खरं कारण आकडे नाहीत. लाइटफूट हाफलिंगला एक बारीकशी सवलत असते : तो आपल्यापेक्षा मोठ्या आकाराच्या कुणाच्याही आड लपायचा प्रयत्न करू शकतो. भिंत नको, झाड नको, नुसता एक मोठा माणूस पुरे. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. ज्यानं कुणी हा नियम लिहिला तो लहानपणी बुटका असणार. वर्गात मास्तरांचा प्रश्न आला की पुढच्याच्या पाठीमागे सरकायचं, लग्नात मोठ्यांच्या घोळक्यातून थेट जिलबीपर्यंत पोचायचं, हे सगळं त्या एका ओळीत आहे.

दुसरा नियम स्नीक अटॅकचा. तुम्ही लपलेले असाल आणि समोरच्याला पत्ता नसेल, तर तुमच्या वाराला एक जास्तीचा सहा-बाजूंचा फासा मिळतो. लपलेले नसाल, तर तुमचा कुणीतरी साथीदार शत्रूच्या पाच फुटांच्या आत उभा पाहिजे. म्हणजे समोरासमोर, एकटा, उघड्यावर, असा रोग काही कामाचा नाही. त्याला एकतर अंधार लागतो नाहीतर माणसं. आणि गंमत म्हणजे एल्फला, ड्वार्फला अंधारात दिसतं, हाफलिंगला दिसत नाही. येलदरीला पूर्णा नदीवर धरण आहे, धरणाखाली वीजघर आहे, तिथं वीज तयार होते. आणि माझं लहानपण लोडशेडिंगमध्ये गेलं. अंधारात न दिसता चालणं आम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही.

नाव ठेवलं 'घूस'. भिंतीखालून पोखरत आत शिरणारी ती. टेबलावरचा हिंदीवाला म्हणाला, "मतलब रिश्वत?" मी म्हणालो, तेही चालेल.

शीटवर एकच जागा रिकामी राहिली. प्रत्येक पात्राला एक खोट लिहावी लागते, एक अशी गोष्ट जी त्याला आतून खाते. पुस्तकात तयार यादी असते. मी त्यातली एक उतरवली, काहीतरी सोन्याचा मोह वगैरे. डीएमनं ती खोडली. "हे कॉपी-पेस्ट आहे. घूस चोर का झाला ते सांग." दोन आठवड्यांची मुदत दिली. जिरावर टिकीट टाकते की काय असं वाटलं.

म्हणून मी वाचायला लागलो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हा त्यात चोर नव्हताच. लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू, बास. चोर आला १९७५ मध्ये, 'ग्रेहॉक' नावाच्या पुरवणीत. आणि बुटके लोक सुरुवातीला सरळ 'हॉबिट' होते. टोलकीनच्या पुस्तकांचे हक्क असणाऱ्यांनी डोळे वटारल्यावर त्यांचे 'हाफलिंग' झाले. तसं पाहिलं तर माझ्या पात्राचा आजोबा बिल्बोच : १९३७ च्या 'द हॉबिट'मध्ये बौने त्याला कामावर घेतात ते घरफोड्या म्हणून. त्यानं आयुष्यात कधी काही चोरलेलं नसतं. पण तो लहान असतो आणि पावलांचा आवाज करत नाही, तेवढं त्यांना पुरतं.

हे वाक्य मी लिहिलं आणि तिथंच जरा अडकलो. लहान आहे, आवाज करत नाही, तेवढं पुरतं.

आपल्याकडचं कोण? फ्रंटएंडवाला म्हणाला बहिर्जी नाईक. पण बहिर्जी म्हणजे महाराजांचा हेर, वेषांतराचा बादशहा, त्याच्यामागे स्वराज्य उभं. घूसच्या अंगाला ते कापड ढगळ होतं. मला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवला, तोही काडीसारखा, पण तो चोर पकडणारा. शेवटी डीएमच म्हणाली, "शर्विलक वाच." तिला शाळेत संस्कृत होतं.

शर्विलक शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात तिसऱ्या अंकात येतो. देवलांनी ते नाटक मराठी रंगभूमीवर आणलं, त्यामुळे नाव कानावर होतं, वाचलं नव्हतं. वाचलं आणि वेडा झालो. हा माणूस रात्री चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो, पण आधी उभा राहून विचार करतो की भोक कुठल्या आकाराचं पाडावं, म्हणजे सकाळी लोक बघून कौतुक करतील. माप घ्यायची दोरी विसरलाय, तर गळ्यातलं जानवं काढून मोजतो. ब्राह्मणाला जानव्याचे किती उपयोग, असं वर आणि म्हणतो. काम करताना बोटाला साप चावतो, तर तेच जानवं बोटाला आवळून बांधतो. दार जुनं आहे, करकरेल, म्हणून पाणी शोधून शिंपडतो. आतले झोपलेत की सोंग घेतायत याची परीक्षा घेतो. दिवा विझवायला किडा सोडतो. खेळाच्या भाषेत सांगायचं तर हा वीसाव्या लेव्हलचा रोग आहे आणि त्याच्या हत्यारांच्या यादीत जानवं आहे. आणि चोरी कशासाठी? मदनिका नावाच्या दासीला सोडवायला पैसे हवेत म्हणून. इतकं देखणं पात्र कुणालाही आवडेल. मी तर शीटवर 'शर्विलकाचा चेला' असं लिहूनही टाकलं.

मग पुढचं वाचलं. शर्विलक जे दागिने नेतो ते चारुदत्ताचे नसतातच. वसंतसेनेनं विश्वासानं ठेवायला दिलेले असतात. सकाळी चारुदत्ताला चोरीपेक्षा वेगळीच भीती वाटते : चोरी झाली यावर कोण विश्वास ठेवेल? मी गरीब आहे, लोक म्हणतील यानंच हडपले. मग त्याची बायको धूता आपली माहेरची रत्नमाला काढून देते, भरपाई म्हणून. नाटकात शर्विलकाला भिंत फोडायला अख्खा प्रवेश आहे. धूतेला काही ओळी.

मी लॅपटॉप बंद केला. आता ते सांगतो.

मी अकरा वर्षांचा होतो. अण्णा एका कोठारावर रात्रपाळीचे चौकीदार होते, रोजंदारीवर. कुठलं कोठार, कुणाचं, ते जाऊ द्या. पाठीमागच्या भिंतीला वर एक झरोका होता, गज नसलेला. गावात कुणाचं दार आतून लागलं, किल्ली आत राहिली, की मला बोलवायचे. 'बारक्याला आणा.' डोकं गेलं की अंग जातं, हे मांजरासारखं मला कळलेलं होतं. आत उतरून कडी काढली की सगळे वा वा करायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. कबड्डीत कुणी घेत नव्हतं, पण दार अडकलं की माझ्याशिवाय पान हलत नव्हतं.

पावसाळा होता. चार मोठी पोरं होती, दहावी-बारावीची. ती म्हणाली आत दोरखंड आहे, झोका बांधायला पाहिजे, नंतर ठेवून देऊ. मी त्यांच्या खांद्यावर चढलो, झरोक्यातून आत गेलो, आणि अंधारात हाताला लागलं ते वेटोळं बाहेर दिलं. ते दोरखंड नव्हतं. जड होतं, गार होतं. मला तेव्हाच कळलं होतं की ते तांब्याच्या तारेचं बंडल आहे. आजवर हे वाक्य मी कुणाला बोललो नव्हतो, म्हणून इथे लिहितोय : मला तेव्हाच कळलं होतं. एक दिल्यावर ते म्हणाले अजून एक दे, आणि मी दिलं.

मला वीस रुपये आणि दोन पेप्सी मिळाल्या. पेप्सी म्हणजे ती प्लास्टिकच्या नळीतली रंगीत बर्फाची, रुपयावाली.

अण्णांच्या पगारातून चार महिने पैसे कापले. एका साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं, "तुझ्याशिवाय कुणाला माहिती होतं?" हे मला पोरांकडून कळलं, अण्णांनी घरी काही सांगितलं नाही. आमच्याकडे रत्नमाला नव्हती. चहातलं दूध होतं, ते बंद झालं. माय म्हणायची कोरा चहा पोटाला बरा. त्या चार महिन्यांत मी एकदाही तोंड उघडलं नाही. लपण्यात अधिक सात.

शनिवारी पहिली मोहीम होती. डीएमनं सांगितलं : व्यापाऱ्याचं गोदाम, आत एक पेटी, दारात एक गार्ड, भाल्यावर रेलून पेंगतोय. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यासाठीच लिहिलेला प्रसंग होता तो. गार्डचा जीव अकरा. माझी आखूड तलवार, चपळाईचे तीन, वर स्नीक अटॅक, सरासरी दहा. जवळजवळ एका वाराचं काम.

"मी याला मारणार नाही," मी म्हणालो.

"पंचवीस एक्सपी आहेत रे," फ्रंटएंडवाला.

"नाही मारणार."

"बरं, मग चोरून आत जा," डीएम म्हणाली. "मागच्या भिंतीला वर एक झरोका आहे."

तिला काहीच माहिती नव्हतं. कुठल्याही गोदामाला झरोका असतोच. लहान आकाराच्या पात्राला त्याहून एक आकार लहान जागेतून अंग चोरून जाता येतं, तसा नियमच आहे. मी फासा टाकला, चौदा पडला, अधिक सात, एकवीस. गार्डला काही कळलं नाही. टेबलावर टाळ्या पडल्या. आणि मी विचारलं, "सकाळी या गार्डचं काय होतं?"

"म्हणजे?"

"पेटी गेलेली असेल. दारात हा एकटाच होता. याचं काय होतं?"

तिनं तिच्या नोट्स चाळल्या. टेस्टर आहे, एज केस सुटलेली तिला आवडत नाही. मग म्हणाली, "मी लिहिलेलं नाही. तू सांग, काय होतं?"

मग मी सांगितलं. आधी गार्डचं म्हणून सांगायला लागलो, दोन-तीन वाक्यांनंतर अण्णांचं झालं. इंग्रजीत सुरू केलं होतं, मध्येच मराठी झालं, मग आमच्याकडची मराठी. हिंदीवाल्याला निम्मं कळलं नसणार, पण त्यानं पिझ्झाचा तुकडा परत ठेवला. कुणी काही शहाणपणाचं बोललं नाही, यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. फ्रंटएंडवाल्यानं फक्त विचारलं, "तुझा खोट कॉलम भरलास का?" आम्ही खेळ तिथंच थांबवला. घूस अजून झरोक्यात आहे, अर्धा आत, अर्धा बाहेर.

मंगळवारी मी घरी फोन केला. माय शेजारी गेली होती, अण्णांनी उचलला. मला खरं तर सांगायचं होतं. सांगता आलं नाही, म्हणून खेळाचं निमित्त केलं. म्हणालो, "अण्णा, माझ्या त्या खेळात एक चौकीदार आहे. रात्री चौकीदाराला चोर दिसतो कसा?"

अण्णांना कामाचं कुणी कधी विचारलं नसावं. ते चांगलेच रंगले. "दिसत कुठं असतंय रात्री? राखण कानानं असती. बेडकं वरडायलेत, रातकिडे किर्र करायलेत, तवर काळजी नस्ती. ते गप झाले की उठायचं. बॅटरी लगेच लावायची नस्ती, बॅटरी लावली की आपलेच डोळे जातेत. कुत्रं कुणीकडं बघायलंय ते बघायचं. कुत्रं भुकत नसल आन् शेपूट हलवायलं असल, तर समजायचं माणूस वळखीचा हाय."

मी काहीच बोललो नाही. आमच्या कोठारावरचं कुत्रं माझ्या हातची भाकर खायचं.

"आन् तुझ्या त्या खेळातल्याला सांग, वरचे झरोके बघत जा म्हणावं. मी तीन बार लिहून दिलतं, गज बसवा म्हणून. तेवढ्यातून मोठं माणूस काय जातंय? केवढा होता तो झरोका, तुला तर माहितीच हाय."

बराच वेळ दोघंही गप्प होतो. मागे टीव्ही चालू होता, बातम्यांचा.

"अण्णा," मी म्हणालो.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"जेवून घी आधी. रात झाली."

फोन ठेवल्यावर मी डीएमला मेसेज केला : गोदामाच्या गार्डची लक्ष जाण्याची पातळी बाराची अठरा कर.

तिचं लगेच उत्तर आलं : वेडा आहेस का? अधिक सात घेऊनही तुला अकरा लागतील. फिफ्टी-फिफ्टी. तू झरोक्यातच आहेस अजून, बाहेर येताना परत फासा टाकायला लावीन मी.

मी लिहिलं : लाव. आणि बाहेर एक कुत्रं पण ठेव.